सोळाव्या आठवड्याची लस

भाद्रपदात कुत्र्यांचे घोळके गल्ल्या घुमवतात. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, त्यामुळे दिवाळीच्या मागेपुढे नागपुरात महालपासून मानेवाड्यापर्यंत कुठल्यातरी जिन्याखाली, बांधकामावरच्या रेतीच्या ढिगाआड पिल्लं कुईंकुईं करू लागतात. काही तिथंच वाढतात, काहींना घरं मिळतात. विकत आणलेल्या लॅब्रेडॉर, पामेरियनांचीही यात भर पडते. मग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत यांतलीच कित्येक पिल्लं दवाखान्याच्या टेबलावर येतात. उलट्या, कुजकट वासाची रक्ताची हगवण, मान टाकलेली. हा पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांना धरणारा विषाणूचा रोग. सोबतच्या माणसाच्या हातात लसीकरणाचं कार्ड असतं आणि त्यावर एक-दोन स्टिकर चिकटवलेले असतात. "लस तर दिली होती जी, मग हे झालं कसं?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या घरातल्या माणसांना आधीच द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. बहुतेक वेळा लस बनावट नसते, डॉक्टरही चुकलेले नसतात. लस टोचली गेलेली असते, पण पिल्लाच्या शरीरानं ती घेतलेली नसते.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत आईचा चीक पितं. त्यातून आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला ओळखून निकामी करणारी द्रव्यं, त्याच्या रक्तात जातात. हे संरक्षण उसनं असतं, आणि साधारण दर दहा दिवसांनी ते निम्म्यावर येतं. ते भरपूर असतं तोवर खरा पार्व्हो अंगात शिरला तरी दाबला जातो. पण नेमकं तेच संरक्षण लशीतल्या विषाणूलाही ओळखून निकामी करतं. म्हणजे सहाव्या आठवड्यात टोचलेली लस आईच्याच प्रतिपिंडांनी मारून टाकलेली असू शकते. पुढे ही प्रतिपिंडं उतरत जातात आणि मध्येच असा काळ येतो, की खऱ्या रोगाला अडवायला ती पुरत नाहीत, पण लशीला नासवायला मात्र पुरतात. पिल्लं दगावतात ती बहुधा याच काळात.

हा काळ कधी येईल, हे पिल्लाकडे बघून सांगता येत नाही. आईच्या रक्तात प्रतिपिंडं किती होती आणि पिल्लानं चीक किती ओढला, यावर ते ठरतं. एकाच वेतातलं किरकोळ, मागे राहिलेलं पिल्लू सातव्या आठवड्यातच उघडं पडतं, तर सगळ्यांना ढकलून पुढे पिणारं गुबगुबीत पिल्लू चौदाव्या आठवड्यापर्यंतही लस घेत नाही. धष्टपुष्ट पिल्लाला दोनच डोस पुरतील ही समजूत म्हणूनच उलटी आहे. जास्त चीक प्यालेल्या पिल्लालाच शेवटच्या डोसाची गरज जास्त असते.

ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा तीच लस देण्यामागे एवढंच कारण आहे. आधीच्या डोसाला "ताकद" देण्यासाठी पुढचा डोस असतो, असं सांगितलं जातं, पण डिस्टेंपर (ताप, खोकला आणि पुढे झटके आणणारा विषाणूचा रोग) आणि पार्व्होच्या जिवंत लशींच्या, म्हणजे कमजोर केलेला जिवंत विषाणू असलेल्या लशींच्या, बाबतीत तसं नसतं. योग्य वेळी पडलेला एकच डोस पुरेसा असतो. ती वेळ कोणती हे कळत नाही, म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत जायचं, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. माझ्या दृष्टीनं सगळ्या वेळापत्रकातला हा सर्वांत मोलाचा डोस. आणि नेमका हाच सर्वांत जास्त बुडतो, कारण तोवर पिल्लू घरभर धावत असतं, कार्डावर दोन स्टिकर असतात आणि "लशी झाल्या" असं घरात ठरून गेलेलं असतं.

तारखा घालून पाहू. पिल्लू १ नोव्हेंबरचं असेल तर आठ आठवडे २७ डिसेंबरला पूर्ण होतात, तो पहिला डोस. बारा आठवडे २४ जानेवारीला, तो दुसरा. सोळा आठवडे २१ फेब्रुवारीला, तो तिसरा. जिथं पिल्लं बरीच आहेत किंवा शेजारी पार्व्हो झाला आहे, तिथं सहाव्या आठवड्यात, १३ डिसेंबरला, फक्त पार्व्हो आणि डिस्टेंपरची पिल्लांसाठीची लस आधी देऊन ठेवतात. ती धरून एकूण चार डोस होतात. पूर्वी यानंतरचा डोस वर्षानं द्यायचे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार तो सहा महिन्यांच्या वयात, सव्वीस आठवड्यांनंतर द्यावा, म्हणजे सोळाव्या आठवड्यातही ज्यांना लस लागली नाही अशी थोडी पिल्लं वर्षभर उघडी राहत नाहीत. आपल्या पिल्लाचे सव्वीस आठवडे २ मे रोजी भरतात. नागपुरातला मे आहे, तेव्हा सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावरच त्याला बाहेर काढावं. उन्हानं तापलेल्या, धापा टाकणाऱ्या प्राण्याला टोचू नये. आधी सावलीत बसवून पाणी द्यावं.

डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृताच्या साथीचा अ‍ॅडिनोव्हायरस या तिन्हींची जिवंत लस एकदा नीट लागली, की पुढे तीन वर्षांत एकदापेक्षा जास्त वेळा द्यायची गरज नसते. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची, मात्र दर वर्षी लागते. रेबीजची लशीच्या लेबलाप्रमाणे द्यायची, आणि आपल्याकडे ती बहुधा वार्षिकच असते. "दरवर्षी सगळंच" किंवा "लहानपणी झालं, आता काही नाही" ही दोन्ही टोकं सोडून डॉक्टरांना सरळ विचारावं की यंदा या बाटलीत काय आहे आणि कशासाठी आहे.

बाटलीत काय असतं ते पाहण्यासारखं आहे. मुख्य लस एका छोट्या काचेच्या कुपीत कोरड्या पांढुरक्या वडीच्या रूपात असते. दुसऱ्या कुपीत द्रव असतो. तो कधी नुसता द्रावक असतो, तर कधी लेप्टोस्पायरोसिसची लसच. द्रव सिरिंजमध्ये ओढून वडीवर सोडतात, कुपी हळूच फिरवून विरघळवतात आणि लगेच मानेमागच्या सैल कातडीखाली टोचतात. विरघळवल्यानंतर अर्ध्या तासात ती वापरली गेली पाहिजे. सकाळी एकदम चार कुप्या मिसळून दुपारपर्यंत पुरवल्या, तर दुपारच्या पिल्लाच्या अंगात नुसतं पाणी जातं. टोचायच्या जागी स्पिरिट चोळून ती ओली असतानाच सुई घालू नये आणि जंतुनाशक द्रावणातून काढलेली सिरिंज वापरू नये, कारण त्यानं जिवंत लस मरते. डोस सगळ्यांना सारखाच, एका कुपीचा पूर्ण १ मिली. दोन किलोच्या पॉमला आणि पन्नास किलोच्या ग्रेट डेनलाही तेवढाच. "लहान आहे, अर्धीच द्या" म्हणत एक कुपी दोन भावंडांत वाटून घेतली, तर दोघांचंही संरक्षण धोक्यात येतं.

आता आपल्या उन्हाची गोष्ट. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते आणि इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कंपनीपासून दुकानापर्यंत थंडी सांभाळली जाते. साखळी तुटते ती बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात, जेव्हा कोणीतरी दुकानातून लस घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्कूटरच्या डिक्कीत टाकून सीताबर्डीच्या सिग्नलला उभं राहतं. उन्हातली डिक्की बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेली असते. लस स्वतः आणायचीच वेळ आली तर थर्मास किंवा बर्फाचा डबा न्यावा, आणि कुपी कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवावी, थेट बर्फाला टेकू देऊ नये. गोठणंही तितकंच वाईट. रेबीज आणि लेप्टोच्या मृत लशींमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं सहायक द्रव्य, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारं द्रव्य, असतं. एकदा गोठलं की त्याची रचना मोडते आणि नंतर वितळवून काही उपयोग होत नाही. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावी लागली तर मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, मागच्या भिंतीला टेकून नको, आणि बर्फाच्या खणात तर नकोच. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. सगळ्यांत बरं म्हणजे ज्या दवाखान्यात लशींसाठी वेगळा फ्रिज आणि त्यात तापमापक आहे, तिथंच जाऊन टोचून घ्यावं. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेलं हे शहर आहे. लशी कशा ठेवता हे डॉक्टरांना विचारायला इथं कोणी लाजू नये. चांगले डॉक्टर फ्रिज उघडून दाखवतात.

टोचल्यावर कुपीवरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. नुसतं "लस दिली" असं पेनानं लिहिलेलं कार्ड पुढच्या डॉक्टरांच्या काहीच कामाचं नसतं. मग अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, एकाएकी उलट्या होणं, हिरड्या पांढऱ्या पडणं आणि कोसळणं ही तीव्र अ‍ॅलर्जी क्वचितच होते, पण झाली तर बहुधा याच वेळात होते आणि तेव्हा औषध हाताशी हवं. दिवसभर मलूल राहणं, जेवण कमी होणं, टोचल्या जागी छोटी गाठ येणं हे चालतं. दोन दिवसांत उतरलं नाही तर दाखवावं. ताप असलेल्या किंवा हगवण लागलेल्या पिल्लाला त्या दिवशी टोचू नये, आधी बरं करावं. जंताचं औषध लशीच्या आठवडाभर आधी दिलेलं चांगलं. गोचिडांमुळे येणाऱ्या तापाची लस या सगळ्यात कुठंच नाही, हेही ध्यानात असू द्या. गोचीड नागपुरात वर्षभर सापडतात आणि त्यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.

सोळा आठवडे होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवावं का? पूर्ण कोंडलेलं पिल्लू पुढे भित्रं आणि चावरं होतं, कारण माणसं, आवाज, गाड्या यांची ओळख करून घेण्याचं त्याचं वय साधारण चौदाव्या आठवड्याला सरतं. म्हणून त्याला कडेवर घेऊन फुटाळा तलावावर न्या, धरमपेठेतली गर्दी दाखवा, लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरातच खेळू द्या. फक्त रस्त्याच्या कडेला, बागेत, दवाखान्याच्या जमिनीवर खाली सोडू नका. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तग धरतो आणि चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो.

त्याच विषाणूमुळे फिनाईलवर विसंबता येत नाही. घरात पार्व्होचं पिल्लू होतं, फरशी फिनाईलनं दोनदा पुसली आणि पंधरा दिवसांत नवं पिल्लू आणलं, की तेही आजारी पडायची भीती असते. फिनाईल, स्पिरिट, साबण यांपैकी कशावरही पार्व्हो मारायला भरवसा ठेवू नये. मारतं ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचं साधं ब्लीच. आधी घाण, केस, उष्टं साबणानं पूर्ण धुऊन काढायचं, कारण मळावर ब्लीच वाया जातं. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, म्हणजे लिटरला साधारण ३५ मिली, असं ताजं द्रावण करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची आणि नंतर साध्या पाण्यानं धुवायची. खिडक्या उघड्या असू द्या. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. अंगणातली माती अशी धुता येत नाही. त्या घरात पुढचं कुत्रं आणायचं तर लसीकरण पूर्ण झालेलं मोठंच आणावं.

मांजर पाळणाऱ्यांनी फिनाईल घराबाहेरच ठेवावं, कारण त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. मांजरांनाही पार्व्होचाच सख्खा भाऊ होतो, पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांतला पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, तोही याच कुळातल्या विषाणूपासून. "आमची मांजर घराबाहेरच जात नाही" हे कारण इथं चालत नाही, कारण आपल्या चपला बाहेर जातात. मांजरांच्या तिहेरी लशीत याच्यासोबत हर्पीस आणि कॅलिसी हे सर्दी-शिंका आणणारे दोन विषाणू असतात. वेळापत्रक कुत्र्यांसारखंच, सहा-आठ आठवड्यांपासून सोळापर्यंत आणि मग सव्वीसला. पॅनल्युकोपेनियाविरुद्ध लस पक्कं संरक्षण देते. हर्पीस आणि कॅलिसीला ती पूर्ण अडवत नाही, फक्त आजार सौम्य करते, त्यामुळे लस घेतलेलं मांजर शिंकलं तर लस खोटी ठरत नाही. गाभण मांजरीला जिवंत लस देऊ नये, पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूला इजा होते आणि ती जन्मभर डुलत चालतात. मांजराला लस मानेमागे न देता पायाच्या खालच्या भागात देण्याचा आग्रह धरा. क्वचित टोचल्या जागी पुढे कर्करोगाची गाठ होते, आणि पायावरची गाठ काढता येते. गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, यांपैकी एकही खरं असेल तर तुकडा तपासून घ्यावा.

लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळ्याचा रोग. उंदरांच्या आणि आजारी जनावरांच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात जातात, आणि कातडीवरच्या ओरखड्यांतून, नाका-डोळ्यांतून अंगात शिरतात. मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही धरतात. माणसालाही होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, अशा वेळी त्या पाण्यातून आलेली कुत्री आणि पाय बुडवून चाललेली माणसं दोघंही धोक्यात असतात. लस मृत आहे, म्हणून पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, आणि एक डोस देऊन सोडणं म्हणजे न दिल्यातच जमा. जंतूचे प्रकार अनेक आहेत आणि लशीत दोन किंवा चारच असतात. चारवाली मिळाली तर ती घ्यावी. वेळ अशी धरावी की दुसरा डोस मृगाच्या आधी पडलेला असेल.

डिस्टेंपरबद्दल लोक कमी बोलतात, कारण त्यात पार्व्होसारखं रक्त दिसत नाही. डोळ्या-नाकातून पू, खोकला, ताप, मग थोडं बरं वाटतं, आणि काही आठवड्यांनी झटके. जबडा चघळल्यासारखा हलतो, एखादा पाय सतत उडत राहतो. तिथून परतणारी कुत्री फार थोडी. विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबाच्या कडेला गावं आहेत आणि गावांत कुत्री आहेत. हा विषाणू मांजरकुळातल्या मोठ्या प्राण्यांनाही धरतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्यानं गेले. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, तेव्हाही तो सापडला. जंगलालगतच्या गावात कुत्र्यांना डिस्टेंपरची लस देणं हे वाघ राखण्याचंच काम आहे, आणि त्यावर होणारा खर्च मला तरी कुठल्याही कुंपणापेक्षा जास्त पटतो.

आणि रेबीज. लस मृत आहे, बारा आठवड्यांच्या वयापासून देतात. सोळा आठवड्यांच्या आत दिली असेल तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरी द्यावी, मग वर्षाच्या आत बूस्टर. पहिल्या डोसानंतर संरक्षण यायला तीनेक आठवडे लागतात. आज टोचलं आणि उद्या पिसाळलेलं कुत्रं चावलं, तर ती लस त्या दिवशी उपयोगाची नाही. वस्तीतल्या कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, आणि ती दर वर्षी टिकवावी लागते, कारण जुनी कुत्री मरतात आणि भाद्रपदानंतर नवी येतात. नसबंदी करून सोडलेल्या कुत्र्याचा कान कापलेला असतो. लोक म्हणतात, "याला लस दिलेली आहे." दिलेली असते, पण शस्त्रक्रियेच्या वेळी, एकदाच. दोन वर्षांपूर्वी कान कापलेल्या कुत्र्याची लस आज चालू असेलच असं नाही. गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांची यादी ठेवावी. रंग, खुणा, लशीची तारीख एवढं वहीत लिहिलं तरी पुरे. जे कुत्रं रोज त्यांच्या हातून खातं, ते त्यांच्याच हातात धरून टोचता येतं, जाळ्याची गरज पडत नाही.

चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथं लस मोफत मिळते. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) लागतं, ते मागून घ्या. चावलेलं कुत्रं घरचं असो, त्याचं कार्ड भरलेलं असो, तरी आपली लस सुरू करायची आणि त्याला दहा दिवस नजरेसमोर बांधून ठेवायचं. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे की कसं, हे डॉक्टर सांगतील. आपल्या लसीकरण झालेल्या कुत्र्याला भटकं कुत्रं चावलं, तर त्याचीही जखम तशीच धुवायची, हातमोजे घालून, आणि त्याच दिवशी त्याला बूस्टरसाठी न्यायचं.